जुना संगणक सुरू होईना? आधी पडद्यावरची ओळ वाचा

नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्यानंतर संगणक काळ्या पडद्यावर अडला, म्हणजे यंत्र निकामी झाले किंवा आतील माहिती पुसली गेली, असे नव्हे. बहुतेक वेळा दोष असतो तो 'बूटलोडर' या अगदी छोट्या प्रोग्रॅमचा. तो कसा ओळखावा आणि फॉरमॅट न करता कसा दुरुस्त करावा, याविषयी...

जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसविणे हे काम वरकरणी सोपे वाटते. सीडी किंवा पेन ड्राइव्ह लावावा, चार-सहा प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. सर्व काही सुरळीत झाल्याचा संदेशही येतो. मात्र संगणक पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर इंग्रजीतील एकच ओळ उमटते आणि पुढे काहीही होत नाही. मग यंत्र उचलून दुकानात नेले जाते. तेथे बहुधा एकच उत्तर मिळते, 'फॉरमॅट मारावे लागेल.' ग्राहक नाइलाजाने होकार देतो आणि आतली कित्येक वर्षांची माहिती त्यासोबत जाते.

हा प्रश्न सध्या पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यानंतरच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चीप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील असंख्य संगणक एकाएकी 'जुने' ठरले. बुलडाणा जिल्ह्यासारख्या भागात तर असे संगणक जागोजागी दिसतात. खामगावच्या बाजारपेठेतील अडतीची दुकाने, चिखली-मेहकरची डीटीपी केंद्रे, लहान पतसंस्था, शाळांच्या संगणक खोल्या येथे यंत्र बिघडेपर्यंत वापरण्याचीच रीत आहे. अशा यंत्रांवर लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसविणे हा उत्तम पर्याय होय. मात्र त्या वाटेवरचा पहिला अडथळा बूटलोडरचाच असतो. छापखान्यात लग्नपत्रिकांसाठी लागणारे जुने मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवाव्या लागतात आणि गुंतागुंत आणखी वाढते.

जलंबला गाडी बदलावी लागते

संगणकाचे बटण दाबल्यापासून प्रणाली सुरू होईपर्यंत नेमके काय घडते, हे आधी समजून घेऊ. मुख्य मार्गावरील रेल्वेगाडी थेट खामगावला जात नाही. प्रवाशाला जलंब येथे उतरून शाखामार्गावरील गाडी धरावी लागते. संगणकाचेही तसेच आहे. बटण दाबताच मदरबोर्डवरील 'बायोस' हा कायमस्वरूपी प्रोग्रॅम जागा होतो. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची तपासणी करतो. परंतु विंडोज किंवा लिनक्स म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. तो फक्त ठरवून दिलेल्या डिस्कचा अगदी पहिला कप्पा वाचतो आणि त्यात जे सापडेल त्याच्या हाती कारभार सोपवितो.

हा पहिला कप्पा, म्हणजेच 'मास्टर बूट रेकॉर्ड', अवघा ५१२ बाइटचा असतो. त्यातील ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट डिस्कवरील चार मुख्य पार्टिशनांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे दोन बाइट 'हा कप्पा वैध आहे' हे सांगणाऱ्या खुणेसाठी राखलेले असतात. ही मांडणी १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी डॉस २.० सोबत रूढ झाली. त्या ४४६ बाइटमध्ये सबंध बूटलोडर मावत नाही. म्हणून तेथे केवळ पहिला तुकडा असतो. तो दुसऱ्या, मोठ्या तुकड्याला बोलावतो आणि तो मोठा तुकडा प्रत्यक्ष प्रणालीला स्मृतीत आणतो.

म्हणजे बायोस हा जलंबपर्यंतचा प्रवास आणि बूटलोडर ही तेथून पुढची गाडी. पुढची गाडी चुकली म्हणून खामगाव नाहीसे झालेले नसते. त्याचप्रमाणे बूटलोडर बिघडला म्हणून हिशेबाच्या फायली, छायाचित्रे किंवा पत्रव्यवहार पुसला गेलेला नसतो. तो डिस्कवर जागच्या जागी असतो, फक्त तेथे पोहोचण्याची वाट हरवलेली असते. या लेखातून एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ नुकसान टळेल.

ती एक ओळ काय सांगते?

काळ्या पडद्यावरील ओळ ही संगणकाची तक्रार असते. साखळीची कोणती कडी तुटली, ते ती सांगते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ती ओळ शब्दशः कागदावर उतरवून घ्यावी किंवा मोबाइलवर तिचे छायाचित्र काढावे.

पडद्यावर काहीच न उमटता नुसते बीप ऐकू येत असतील, तर बूटलोडरला दोष देण्याचे कारण नाही. तो मेमरी, डिस्प्ले कार्ड किंवा मदरबोर्डचा प्रश्न असण्याचा संभव अधिक.

'ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' असे आल्यास बायोसला वैध पहिला कप्पा मिळालेला नाही. डिस्कची केबल सैल असणे, जुन्या आयडीई डिस्कवरील मास्टर-स्लेव्हचा जंपर चुकणे किंवा बायोसमध्ये डिस्कचा क्रम बदललेला असणे, ही त्याची नेहमीची कारणे होत.

'एनटीएलडीआर इज मिसिंग' ही विंडोज एक्सपीच्या काळातील तक्रार, तर 'बूटएमजीआर इज मिसिंग' ही व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजची. येथे पहिला कप्पा मिळाला, पण पुढची फाइल मिळाली नाही. गंमत अशी, की यंत्राला लावून ठेवलेला साधा पेन ड्राइव्हही हा संदेश दाखवू शकतो. बायोस हार्ड डिस्कऐवजी त्याच्यावर बूटलोडर शोधत बसतो. पेन ड्राइव्ह काढताच संगणक सुरू झाला, असा अनुभव विरळा नाही.

'ग्रब रेस्क्यू' असे शब्द आणि पुढे लुकलुकणारी खूण दिसली, तर लिनक्सच्या 'ग्रब' या बूटलोडरचा पहिला भाग सुरू झाला आहे, परंतु त्याला स्वतःचाच उरलेला संच सापडलेला नाही. विंडोजमधून 'रिकामे' समजून लिनक्सचे पार्टिशन काढून टाकले, किंवा पार्टिशनांचे क्रमांक बदलले, की असे होते.

ग्रबचा आरंभ १९९५ चा. त्याआधी, १९९२ पासून, 'लिलो' हा बूटलोडर प्रचारात होता आणि त्याची विकासप्रक्रिया २०१५ अखेर थांबली. लिलोची एक पद्धत मोठी बोलकी होती. आपल्या नावातील एल, आय, एल, ओ ही चार अक्षरे तो एकेक टप्पा पार करताना एकेक करून छापत असे. 'एल-आय'वर गाडी अडली, की दुसरा भाग सुरू होऊ शकला नाही, हे जाणकाराला लगेच कळे. आजचे संदेश लांबलचक असले, तरी ते वाचण्याची रीत तीच आहे. कोठपर्यंत पोहोचलो, हे पाहायचे.

जुन्या यंत्रांची खास दुखणी

नव्या यंत्रावर सहसा न उद्भवणाऱ्या काही अडचणी जुन्या संगणकांवर हमखास भेटतात.

पहिली अडचण बॅटरीची. बायोसमधील तारीख, वेळ आणि डिस्कचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी मदरबोर्डवर तीन व्होल्टची, नाण्याच्या आकाराची 'सीआर २०३२' बॅटरी असते. संगणक विजेला जोडलेला असेल तोवर तिच्यावर फारसा भार पडत नाही. वीज तासन्‌तास नसेल किंवा यंत्र महिनोन्‌महिने बंद पडून असेल, तर ती लवकर उतरते. भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रातील संगणकांना हे दुखणे जडण्याचे कारण हेच. बॅटरी संपली, की संगणक जुनीच कोठली तरी तारीख दाखवितो आणि डिस्कविषयीची निवड मूळ स्थितीवर जाते. या निवडीत 'आयडीई'चे 'एएचसीआय' झाले, तर विंडोज एक्सपी निळ्या पडद्यावर अडते. वास्तविक प्रणालीत काहीच बिघडलेले नसते. नवी बॅटरी आणि निवड पूर्ववत, एवढ्यावर काम भागते.

दुसरी अडचण पेन ड्राइव्हची. साधारण २००५ पूर्वीच्या अनेक संगणकांचे बायोस पेन ड्राइव्हवरून सुरू होण्यास असमर्थ असतात. त्यांच्यासाठी सीडी किंवा डीव्हीडीच लागते. सीडीची क्षमता सुमारे ७०० एमबी असल्याने तेवढ्यात मावणारी छोटी आवृत्ती निवडावी लागते.

तिसरी अडचण डिस्कच्या मर्यादेची. बायोस किती दूरवरचे कप्पे वाचू शकतो, याला त्या त्या काळात मर्यादा होती. ती आधी ५२८ एमबी, मग ८.४ जीबी आणि पुढे १३७ जीबी अशी वाढत गेली. जुन्या यंत्रात मोठी डिस्क बसविली आणि बूटलोडरच्या फायली या मर्यादेपलीकडे पडल्या, तर प्रणाली व्यवस्थित बसते, पण सुरू होत नाही. यावरील तोडगा जुनाच आहे. डिस्कच्या अगदी आरंभी काही शे एमबीचे स्वतंत्र 'बूट' पार्टिशन करावे.

चौथी अडचण फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ग्रबचा दुसरा तुकडा पहिला कप्पा आणि पहिले पार्टिशन यांमधील मोकळ्या जागेत ठेवला जातो. विंडोज एक्सपीच्या काळात पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे. म्हणजे मध्ये जेमतेम ३१ केबी जागा उरे. व्हिस्टापासून ती एक एमबीच्या घरात गेली. एक्सपीच्या काळात पाडलेल्या पार्टिशनांवर आजचा ग्रब कधीकधी मावत नाही आणि जागा अपुरी असल्याची तक्रार करतो. परवाना तपासणारी काही सॉफ्टवेअरही याच जागेत गुपचूप आपली खूण लिहीत आणि तेथील बूटलोडर बिघडवीत. अशा वेळी माहितीची प्रत काढून पार्टिशन नव्याने पाडणे हाच राजमार्ग.

पाचवी गोष्ट प्रोसेसरची. ३२ बिटच्या यंत्रावर ६४ बिटची प्रणाली चालत नाही. उबुंटूने २०१७ मधील १७.१० या आवृत्तीपासून ३२ बिटची डेस्कटॉप प्रत देणे थांबविले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. जून २०२३ मधील डेबियन १२ मात्र अशा यंत्रांवर बसविता येते. तेव्हा डाउनलोड करण्यापूर्वी प्रोसेसरची माहिती पाहणे आवश्यक आहे.

सहावी अडचण त्यामानाने अलीकडच्या, म्हणजे २०१२ च्या आगेमागे घेतलेल्या यंत्रांची. त्यांत जुनी बायोस पद्धत आणि नवी 'यूईएफआय' पद्धत अशा दोन्ही असतात. सुरू करताना बूट मेनूत एकाच पेन ड्राइव्हचे नाव दोनदा दिसते, एकदा 'यूईएफआय' या शब्दासह आणि एकदा त्याशिवाय. आधीची विंडोज एका पद्धतीने आणि नवी लिनक्स दुसऱ्या पद्धतीने बसविली, तर दोन्ही डिस्कवर असूनही एका यादीत येत नाहीत. विंडोज ८ किंवा १० असेल, तर 'सिस्टीम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' या ओळीसमोर 'लेगसी' आहे की 'यूईएफआय', हे आधी पाहावे आणि तीच पद्धत निवडावी.

दुरुस्तीचा क्रम

बिघाड कोठलाही असो, पुढील क्रम सोडू नये.

१. पडद्यावरील ओळ लिहून घ्यावी. यंत्राला लावलेले सर्व पेन ड्राइव्ह आणि सीडी काढून एकदा पुन्हा सुरू करून पाहावे.

२. बायोसमध्ये शिरावे. त्यासाठी बहुधा 'डिलीट' किंवा 'एफ २' ही कळ दाबावी लागते. तारीख बरोबर आहे का आणि हार्ड डिस्कचे नाव दिसते का, हे तपासावे. नाव दिसत नसेल, तर प्रश्न केबलचा किंवा डिस्कचा आहे. डिस्कमधून 'टक टक' असा आवाज येत असल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. अशा डिस्कवर घरगुती प्रयोग करणे म्हणजे उरलेली माहितीही गमावणे.

३. लिनक्सच्या 'लाइव्ह' सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' हा पर्याय निवडावा. या स्थितीत प्रणाली मेमरीतूनच चालते आणि आपण सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कवर काही लिहीत नाही. आता हार्ड डिस्क उघडून आवश्यक फायली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. ही पायरी होईपर्यंत दुरुस्तीचा विचारही करू नये.

४. त्यानंतर बूटलोडर दुरुस्त करावा. एक्सपीच्या सीडीवरील 'रिकव्हरी कन्सोल'मध्ये 'फिक्सएमबीआर' आणि 'फिक्सबूट' या दोन आज्ञा असतात. व्हिस्टा आणि पुढील विंडोजच्या डीव्हीडीवर 'स्टार्टअप रिपेअर' हा पर्याय मिळतो. लिनक्ससाठी 'लाइव्ह' प्रणालीतून मूळ पार्टिशन जोडून 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' या आज्ञा द्याव्या लागतात. उबुंटूच्या परिवारात 'बूट-रिपेअर' नावाचे साधन हेच काम खिडकीतील बटणांवर करून देते. ग्रब पार्टिशनच्या नव्हे, तर सबंध डिस्कच्या नावावर बसवायचा असतो, हे विसरू नये. नावाबद्दल शंका असल्यास डिस्कच्या आकारावरून खात्री करून घ्यावी.

५. एवढे करूनही यश आले नाही, तरच पुन्हा इन्स्टॉल करावे आणि तेव्हाही 'संपूर्ण डिस्क पुसा' या पर्यायाला हात लावू नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. लिनक्स आणि विंडोज दोन्ही असलेल्या यंत्रावर 'फिक्सएमबीआर' चालविल्यास लिनक्सचा मेनू दिसेनासा होतो. अनेकांना वाटते, की लिनक्स पुसली गेली. प्रत्यक्षात पहिला कप्पा विंडोजच्या नावे झालेला असतो, इतकेच. ग्रब पुन्हा बसविला, की दोन्ही प्रणाली यादीत येतात.

चूक आधीच टाळता येते

दोन्ही प्रणाली हव्या असतील, तर आधी विंडोज आणि नंतर लिनक्स हा क्रम ठेवावा. उलट केल्यास विंडोज पहिला कप्पा विचारल्यावाचून बळकावते. विंडोज ८ आणि पुढील आवृत्त्यांत 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. अन्यथा संगणक बंद केला तरी विंडोज अर्धनिद्रेत राहते आणि तिच्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहिता येत नाही.

इन्स्टॉल करताना 'बूटलोडर कोठे बसवायचा?' असा प्रश्न येतो. तेथे घाईत पेन ड्राइव्हचे नाव निवडले गेले, तर एक विचित्र प्रकार घडतो. पेन ड्राइव्ह लावलेला असताना संगणक सुरू होतो आणि काढला की बंद पडतो. कारण उघड आहे, वाटाड्या त्या पेन ड्राइव्हवरच राहिलेला असतो.

ज्या गावात विजेचा भरवसा नाही, तेथे यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये. पार्टिशनांची नोंद किंवा बूटलोडर लिहिला जात असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेला कप्पा तसाच राहतो.

दोन प्रणाली शेजारी नांदविणे हे नव्या यंत्रांवरही नेहमीच निर्वेध नसते, याचा प्रत्यय ऑगस्ट २०२४ मध्ये आला. मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अद्ययावतीनंतर 'सिक्युअर बूट' चालू असलेल्या अनेक संगणकांवरील लिनक्स सुरू होईना. जुने, असुरक्षित ठरलेले बूटलोडर रोखण्याचा तो उपाय होता. परंतु दोन प्रणाली असलेल्या यंत्रांवर तो लागू व्हायला नको असताना झाला. त्याही वेळी कोणाच्या फायली पुसल्या गेल्या नव्हत्या. अडली होती ती फक्त वाट.

दुसरे आयुष्य

जुन्या यंत्रांना असे दुसरे आयुष्य देण्याचा प्रयोग आपल्या शेजारीच झालेला आहे. गोव्यात २००० च्या दशकाच्या आरंभी परदेशस्थ गोवेकरांच्या पुढाकाराने 'गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट' उभा राहिला. अमेरिकेत वापरून झालेले संगणक जहाजाने आणून ते शाळांना देण्यात आले आणि त्यांवर लिनक्सचा अवलंब करण्यात आला. आपल्या देशात 'सी-डॅक'ने डेबियनवर आधारित 'बॉस' ही भारतीय भाषांना सामावून घेणारी लिनक्स प्रणालीही तयार केली आहे. म्हणजे साधनांची वाण नाही. वाण आहे ती धीर धरून दोष शोधण्याची.

अर्थात, प्रत्येक जुने यंत्र वाचवावेच असे नाही. एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये संपला. या प्रणाली जुन्या सॉफ्टवेअरपुरत्या ठेवायच्या असतील, तर ते यंत्र इंटरनेटला जोडू नये. डिस्क वा मदरबोर्डच गेला असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो संगणक भंगारवाल्याच्या गाड्यावर न टाकता अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जायला हवा.

परंतु ज्या यंत्राचा केवळ पहिला ५१२ बाइटचा कप्पा बिघडला आहे, त्याला भंगारात काढणे किंवा त्यातील दहा वर्षांचे हिशेब पुसून टाकणे, हा निव्वळ अपव्यय आहे. म्हणून यापुढे संगणक दुकानात न्यावा लागला आणि 'फॉरमॅट मारावे लागेल' हे उत्तर मिळाले, तर होकार देण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत. 'पडद्यावर नेमकी कोणती ओळ येते?' आणि 'आतल्या फायली आधी काढून देता का?' या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत फॉरमॅटला परवानगी देऊ नये.